बिनधन्याची वाट

एका राज्यात ऊन कमी आणि बर्फ फार. राजा वज्रसेन शहाणा, निदान त्याला तसे वाटे. बर्फ काढण्यासाठी त्याने राज्याचे दोन भाग केले, दोन नाईक नेमले, प्रत्येकाला शंभर फावडी दिली. नकाशावर ठळक दिसते म्हणून मधल्या देवराईच्या वाटेलाच शीव केले.

पूर्वेचा नाईक म्हणे, पश्चिमेचा काढील. पश्चिमेचा भानजी म्हणे, पूर्वेचा काढील. दोन घरचा पाहुणा उपाशी! त्या वाटेवर एकदा एक जादूगार बर्फात कमरेपर्यंत रुतला. हाका मारल्या, कोणी आले नाही. त्याने शाप दिला, "बिनधन्याच्या वाटेवर फावडे चालणार नाही, ऊन लागणार नाही!"

पुढे राणीचे दिवस भरत आले. राज्यातली एकुलती सुईण गोदूआई त्याच वाटेच्या टोकाला राहत होती. राजाच्या तोंडचे पाणी पळाले.

त्याने रस्ते काठीने मोजून सारखे वाटले. शीव बाजाररस्त्यावर सरकली. शापाने तोही गिळला. मग चढ-उताराचे कष्ट तोलून वाटले. शीव घाटरस्त्यावर गेली; तोही गोठला.

तेव्हा खिडकीतली साळुंकी बोलली, "राजा, रस्ता माणसे जोडतो. तू त्याचे कुंपण केलेस. रेघ घरांच्या परसांमागून ने."

राजा ओशाळला. तिसरी रेघ त्याने परसांमागून, ओढ्याकाठाने नेली. मग विचारले, "देवराईची वाट कोणाची?"

भानजी पुढे आला. "माझी, महाराज. दोन्ही कडांसकट माझी."

तो शब्द निघाला आणि बर्फ तडकला. शंभर फावडी चालली. गोदूआई वेळेवर पोहोचली, राणी सुखरूप सुटली, कन्या झाली.

राजा म्हणाला, "गोदूआई, काय देऊ?"

"माझे राहू द्या. ज्यांनी वाट काढली त्यांचे हात आधी शेकवा."

राजाने शेगडी स्वतः उचलून आणली. भानजी मागे सरला. "माझे कसले आभार, महाराज? इतकी वर्षे मीच टाळत होतो."

"आणि रेघ मी ओढली होती. तरी तू आलास. तुझे उपकार माझ्या लेकीने जन्मभर आठवावेत."

एकेक हात धरून राजाने शेकवला. शेवटचे हात म्हातारे होते. राजाने वर पाहिले. तो शाप देणारा जादूगार होता.

"चुकलो," राजा म्हणाला, "हाक ऐकू आली नाही."

"आज आली," म्हातारा म्हणाला, आणि शेगडीजवळ सरकून बसला.

तेव्हापासून त्या राज्यात बर्फ पडला की दारोदार शेगडी ठेवतात, फावडेवाल्यांसाठी. त्यांना मिळाली तशी ऊब तुम्हां-आम्हांलाही मिळो.