ना पेटलेली, ना विझलेली

चूल पेटलेली असेल, तर जळण मिळणार नाही. चूल विझलेली असेल, तरीही मिळणार नाही! हिवरगडच्या उग्रसेन महाराजांनी असा हुकूम काढला आणि सगळं गाव कपाळाला हात लावून बसलं.

तसे महाराज मनाने वाईट नव्हते. त्या वर्षी पौषात थंडीने असा कहर केला की रांजणाच्या पाण्यात हात घालवेना. तेव्हा त्यांनीच रोजची दवंडी सुरू केली होती, 'गरजवंताला सरकारी वखारीतून फुकट जळण!' पण पहिल्याच सकाळी वखारीपुढे रांग लागली, तर सगळ्यात पुढे लखमोजी सावकार! परसात लाकडांचा डोंगर असलेला हा माणूस फाटकी वाकळ पांघरून कुडकुडत उभा! महाराज असे भडकले की विचारू नका.

"पेटत्या चुलीवाल्याकडे लाकडं आहेतच," ते गरजले, "आणि विझलेल्या चुलीवाल्याचं लाकडांवाचून भागतंय. तेव्हा ज्याची चूल पेटलेलीही नाही आणि विझलेलीही नाही, त्यालाच जळण!"

"वाहवा, महाराज!" कारभारी आबाजीपंत म्हणाले. त्यांनी वखारीला कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला लावली.

कोष्टी आळीतल्या राहीला मात्र या हुकुमाचं कौतुक करायला सवड नव्हती. तिची वहिनी नुकतीच बाळंत झालेली. भाऊ लुगडी विकायला परगावी. बाजेखाली शेगडी नसली की तान्ह्या बाळाचे हातपाय गार पडत आणि राहीच्या काळजात धस्स होई. घरातलं जळण संपत आलं, तशी ती धावत वखारीवर गेली.

"चूल पेटती आहे का?" पंतांनी विचारलं.

"शेवटची गोवरी जळतीया जी."

"म्हणजे पेटती. चालती हो!"

"अवो, दुपारपतुर विझंल की!"

"मग दुपारी विझलेली. तरीही चालती हो!"

राही तणतणत घरी आली. उरलासुरला विस्तव टिकावा म्हणून रोजच्या सवयीने त्यावर राख ओढू लागली. आळीतल्या बायका अशीच आग जपत, आणि जिची विझेल ती शेजारणीकडून निखारा मागून नेई. राख ओढता ओढता राहीचा हात थांबला. मग तिने अर्धा विस्तव वहिनीच्या बाजेखालच्या शेगडीत घातला, अर्धा दुसऱ्या शेगडीत घालून राखेने झाकला आणि शेगडी उचलून थेट दरबार गाठला.

"महाराज, मी कोष्टी आळीतली. घरी तान्हं बाळ गारठलंया. ही आमची आग आणलीया. ना पेटलेली, ना विझलेली."

महाराजांनी वाकून पाहिलं. नुसती करडी राख! "ही तर विझलेली आहे, पोरी."

"मग महाराजांनी बोट घालून बघावं."

"उद्धट कार्टे!" पंत ओरडले. पण हट्टी माणसाला बघा म्हटलं की तो बघणारच. महाराजांनी राखेत बोट खुपसलं.

"आई गं!" बोट तोंडात घालून महाराज सिंहासनावर मागे सरकले.

पंतांनी टुणकन उडी मारली. "म्हणजे पेटलेली! महाराज, ही बया फसवते आहे!"

"पेटलेली हाय? मग ही समईतली वात लावून दावा, पंत. राख हलवायची न्हाई हां!"

पंतांनी समईतली वात काढली आणि राखेला लावली. इकडून लावली, तिकडून लावली. वात काही पेटेना, तेलाला राख तेवढी चिकटली. मानकरी उपरण्यात तोंड लपवून हसू लागले.

आता महाराज खरे पेचात सापडले. पण हट्ट सोडतील तर ते उग्रसेन कसले! "थांब! ही तर घटकाभराची युक्ती. फुंकर घातली की पेटेल, तशीच ठेवली की विझेल. कायम अशीच राहणारी एक तरी वस्तू माझ्या राज्यात दाखव, मग जळण!"

राहीला बाळ आठवलं. घरी बाजेखालचा विस्तव सरत आला असणार! भीती वाटली तशी चीडही आली, आणि चिडीनेच तिच्या तोंडी शब्द आले.

"हाय की, महाराज. तुमच्याच दरबारात."

"कोणती?"

"तुमची मदत! दवंडी रोज पिटतीया, म्हून विझली म्हणवत न्हाई. वखारीला कुलूप हाय, म्हून पेटली म्हणवत न्हाई. थंडी पडल्यापासनं ती तश्शीच हाय. आता तिला फुंकर घालायची का विझू द्यायची, ते महाराजांनीच ठरवावं!"

महाराजांनी राहीकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं. मग सिंहासनावरून उतरून ते चक्क उकिडवे बसले आणि त्यांनी गाल फुगवून जोरात फुंकर मारली. फुर्र! राख उडाली ती सगळी त्यांच्या मिशांवर. खाली निखारे लालबुंद झाले.

"पेटली!" राखेने करड्या झालेल्या मिशांचे महाराज डोळ्यांत पाणी येईतो हसत सुटले. "पेटली रे पेटली! पंत, किल्ली काढा!"

"पण महाराज, लखमोजीसारखे पुन्हा आले तर?"

"त्यात काय अवघड हाय?" राही म्हणाली. "पंतांनी वखारीत बसण्यापरीस गाडी घिऊन आळीआळीतनं फिरावं. परसातला लाकडांचा ढीग कुंपणावरनं दिसतोय की!"

"ठरलं! पंत, माघ सरेपर्यंत गाडी तुम्हीच हाकायची. पहिली खेप कोष्टी आळीत, आत्ताच्या आत्ता!" महाराजांनी अंगावरची शाल काढून राहीच्या हातात दिली. "ही बाळाला. नाव काय ठेवणार गं त्याचं?"

"आधी त्याला शेक तर लागू द्या, महाराज!" शाल काखेत मारून राही दाराकडे पळालीसुद्धा.

महाराज पुन्हा गदागदा हसले, आणि त्यांच्या मिशांतली उरलेली राख आबाजीपंतांच्या पागोट्यावर पडली.