ग्रीसला जाऊन आलेली धाप

देवखोल संस्थानच्या आईसाहेबांना चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. म्हणून राजेसाहेबांनी विलायतेहून शिकून आलेल्या डॉक्टर गणपुल्यांना बोलावलं. डॉक्टरांनी आल्या आल्या वैद्यबुवांचा काढा बंद करवला, धाप लागते हे आईसाहेबांच्या तोंडून ऐकलं, त्यांच्याकडे दुरूनच पाहिलं आणि जाहीर केलं, "डिस्प्निया!"

राजेसाहेब मटकन खालीच बसले.

"म्हणजे काय हो?" आईसाहेबांनी विचारलं.

"मूळ ग्रीक शब्द. 'डिस' म्हणजे त्रासाचा, 'प्निया' म्हणजे श्वास. श्वास घ्यायला त्रास होणे!" डॉक्टर ऐटीत लोडाला टेकले आणि दुपार टळेपर्यंत ग्रीक भाषेची थोरवी गात राहिले. औषधाचं मात्र नाव नाही. शेवटी म्हणाले, "आईसाहेब, भूक लागली बुवा."

आईसाहेब माहेरच्या तंजावरच्या. त्यांनीही डॉक्टरांकडे दुरूनच पाहिलं आणि गंभीरपणे मान हलवली. "डॉक्टर, तुम्हाला पसि झालीय."

डॉक्टर दचकले. "पसि? हा कुठला रोग?"

"मूळ तमिळ शब्द. पसि म्हणजे भूक."

"अहो, ते तर मीच तुम्हाला सांगितलं! जेवणाचं काय?"

"तेच म्हणते मी," आईसाहेब दम खात म्हणाल्या. "धाप लागते हे मीच सांगितलं होतं. तुम्ही ते ग्रीसला नेऊन परत आणलंत. आता औषध वाढा, म्हणजे मी पान वाढते."

डॉक्टरांनी गळ्यातली नळी मुकाट्याने कानाला लावली. आल्यापासून पहिल्यांदाच.