कुसुंबीची आंबील

पूर्वी सोमवती नगरीत धृतिसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. त्या जन्मी त्याचे नाव सुबंधू. धृतिसेन पाच वर्षांचा असताना त्याचे वडील वारले, तेव्हापासून सुबंधूनेच त्याला लहानाचे मोठे केले. राजा सभेत त्याला अमात्य म्हणे आणि सभा उठली की तात म्हणे. राजा मनाचा चांगला होता. फक्त हट्टी होता, आणि आपण चुकलो हे दोन शब्द त्याला लहानपणापासून कधी उच्चारता आले नव्हते.

राज्याच्या उत्तरेला सालवट लोकांचा डोंगरमुलूख होता. त्यांची भाषा निराळी, देव निराळे, आणि कारभार म्हणजे मोहाच्या एका जुन्या झाडाखाली सगळ्यांनी बसून बोलायचे. धृतिसेनाच्या आजोबांनी हा मुलूख तलवारीने घेतला होता. सालवट म्हणत, "आम्ही कुणाचे नव्हतो, आम्हांला आमचे राहू द्या." राजा म्हणे, "मुलूख माझा, प्रजा माझी, वेगळे व्हायची भाषा खपणार नाही." डोंगरापलीकडे केतुपूरचा राजा वज्रबाहू राहत होता. त्याला सालवटांचा फार कळवळा, आणि डोंगरातल्या मिठाच्या खाणींचा त्याहून जास्त. तो सालवटांना चोरून तलवारी पुरवी आणि देशोदेशीच्या राजांना सांगत सुटे, "पाहा हो, धृतिसेन प्रजेला कसा छळतो ते!"

छळ मात्र खोटा नव्हता. सेनापती कंकटाने मोहाचे झाड तोडून तिथे लष्करी चौकी बांधली होती. बाजारात कोणी सालवटी बोलले तर शिपाई तोंडावर चापट मारीत. आणि तीन वर्षांपूर्वी सतरा माणसे एकेक करून उचलून नेली होती. ती कुठे आहेत, जिवंत आहेत की नाहीत, कोणी सांगेना. राजाने एकदा विचारले तेव्हा कंकट म्हणाला, "महाराज, अशी माणसेच नाहीत." हे उत्तर राजाला सोयीचे वाटले, म्हणून त्याने पुन्हा विचारले नाही.

शेवटी दोन्हीकडच्या सेना सीमेवर येऊन उभ्या राहिल्या. तेव्हा राजाने सुबंधूला दूत म्हणून केतुपूरला पाठवायचे ठरवले आणि स्वतःच्या हाताने राजमुद्रा त्याच्या गळ्यात बांधली. त्या काळी असा नियम होता की मुद्रा गळ्यात असेपर्यंत दूताचे तोंड म्हणजे राजाचेच तोंड. दूत जे बोलेल ते राजाला पाळावे लागे. पाळायचे नसेल तर दूत खोटे बोलला असे जाहीर करून त्याला देहान्त शिक्षा द्यावी लागे.

"आमच्या घरात नाक खुपसू नका, एवढेच सांगा," राजा म्हणाला. "आणि तात, वाटेत थंडी आहे. कांबळे घ्या."

सुबंधू कांबळे पांघरून निघाला. वाटेत सालवटांच्या मुलखातली कंकटाची चौकी लागली. मुद्रा पाहून शिपायांनी सगळी दारे उघडली, तळघराचेसुद्धा. तिथे तेरा माणसे होती. उजेडाची सवय गेल्यामुळे त्यांनी डोळ्यांवर हात धरले. उरलेली चार मार आणि ताप यांनी गेली होती. म्हाताऱ्या पहारेकऱ्याने रडत रडत त्यांची नावे सांगितली, आणि सुबंधूने ती पाठ केली.

केतुपूरच्या सभेत वज्रबाहूने पळून आलेल्या सालवटांना मुद्दाम पुढे बसवले होते. "दूता," तो म्हणाला, "तुझ्या राजाने नेलेली सतरा माणसे कुठे आहेत?"

हा प्रश्न तो प्रत्येक दूताला विचारी. अशी माणसेच नाहीत हे उत्तर मिळाले की सभा हसे आणि काम पुढे चाले. त्या दिवशीही सगळे हसण्याच्या तयारीत होते.

सुबंधू म्हणाला, "तेरा आमच्या चौकीच्या तळघरात आहेत. चौघे आमच्या हातून मेले." आणि त्याने चार नावे घेतली. सालवटांतून एक बाई किंचाळली. वज्रबाहूच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. सुबंधू त्याच्याकडे वळला. "आणि महाराज, तुम्ही दिलेल्या तलवारींनी आमचे नऊ पहारेकरी मेले. तेही कुणाची तरी मुले होती. तुमचे एकही मूल या भांडणात मेलेले नाही, म्हणून ते तुम्हांला इतके आवडते."

सुबंधू परतण्याआधीच बातमी सोमवतीला पोचली. तो सभेत आला तेव्हा राजाचा चेहरा लाल झाला होता.

"परक्या सभेत माझे नाक कापलेत," राजा म्हणाला.

"नियम साधा आहे," कंकट म्हणाला. "दूत खोटे बोलला, देहान्त द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती यांनी भर सभेत उघडली."

"मूठ उघडली म्हणता, म्हणजे आत काहीतरी होते तर," सुबंधू म्हणाला.

राजाने सगळ्यांना बाहेर घालवले. दार लागले तसा त्याचा राग गळून पडला आणि तो लहान मुलासारखा सुबंधूजवळ येऊन बसला. "तात, एवढेच म्हणा की वय झाले, भ्रम झाला, भलतेच बोलून गेलो. मग शिक्षा नको, काही नको. नदीकाठी घर बांधून देतो, मी रोज येईन."

सुबंधूला त्याची फार माया आली. म्हातारपणी जीव नकोसा होतो असे म्हणतात, पण त्याला तो चांगलाच हवा होता. नदीकाठचे घरही हवे होते. तो म्हणाला, "बाळ, तुझी मुद्रा गळ्यात असताना तुझ्या नावाने खोटे बोलवेना. आता ते मागे घेतले, तर तळघरातली तेरा माणसे पुन्हा नाहीशी होतील. मग त्यांना शोधायला कोण जाणार?"

"म्हणजे मी तुम्हांला मारायचे, नाहीतर सगळ्या जगासमोर गुन्हेगार व्हायचे?"

"हो. हे तुझ्यावर आणले याचे मला वाईट वाटते. पण दुसरी वाट मला दिसली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी निवाडा द्यायला सभा भरली. तेवढ्यात दारात गडबड झाली. डोक्यावर मडके घेतलेली एक सालवट म्हातारी पहारेकऱ्यांना कोपराने ढकलत आत आली. तिचे नाव कुसुंबी. तिच्या मुलाचे नाव सावर, आणि ते सुबंधूने घेतलेल्या चार नावांपैकी एक होते. केतुपूरच्या सभेतल्या सालवटांनी ते नाव तिच्या घरी पोचवले होते, आणि ते ऐकून कुसुंबी चार दिवस चालत आली होती.

"राजा कोन हाय?" तिने विचारले. "तू? अगं बाई, केवढासा हाय!"

"आजीबाई, इथे काय काम आहे?" राजाने विचारले.

"काम कसलं? आंबील आनलीया. कोदऱ्याच्या पिठाची." तिने मडके खाली ठेवले. "आमच्यात रीत हाय. ज्यानं वाईट केलं त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं, की ज्याचं वाईट झालं त्या घरानं त्याला आंबील पाजायची. तवर त्याच्याशी बोलायचं न्हाई. तू सांगितलंस म्हनं, माझा सावर तुझ्या घरात मेला. तीन वरसं मी रोज त्याचं ताट वाढत हुते. न्हाई वाढलं तर वाटायचं, आला तर उपाशी ऱ्हाईल. आता ताट मांडायचं सोडलं. आता झोप लागती मला."



"आंबील प्यायलो म्हणजे तू मला क्षमा केलीस?" राजाने हळूच विचारले.

"छे! क्षमा कसली? प्यालास म्हंजे बोलनं सुरू. भांडन पन सुरू."

"आणि मी म्हटले, की मी तसे सांगितलेच नव्हते?"

कुसुंबीने त्याच्याकडे टक लावून पाहिले. "मग मडकं उचलते नि जाते. घरी जाऊन पुन्हा ताट वाढते."

कंकट राजाच्या कानाशी काही पुटपुटला. राजाने त्याला हाताने बाजूला सारले. तो सिंहासनावरून उतरला आणि म्हातारीसमोर जमिनीवर बसला. या मुलाला सुबंधूने पोहणे, घोडा, नीतिशास्त्र सगळे शिकवले होते, आणि एक गोष्ट काही केल्या शिकवता आली नव्हती.

"मी सांगितले," राजा म्हणाला. "माझ्या दूताच्या तोंडून मीच सांगितले. तुझा मुलगा माझ्या चौकीत मेला. मी विचारायला हवे होते. मी चुकलो."

त्याने मडके उचलून तोंडाला लावले. चार दिवसांची आंबील चांगलीच आंबट झाली होती. राजाचा चेहरा असा वाकडा झाला की कुसुंबीला रडता रडता हसू आले. तिने पदराने त्याची हनुवटी पुसली आणि म्हणाली, "सगळी पी. सांडू नगंस."

तेरा माणसे त्याच आठवड्यात घरी गेली. कंकटाचे पद गेले, चौकी उठली, सीमेवरच्या सेना मागे फिरल्या. वज्रबाहूला सांगायला काही उरले नाही आणि सालवटांनी त्याच्या तलवारी परत पाठवल्या. सुबंधू नदीकाठी राहायला गेला आणि राजा खरोखरच रोज येई.

कुसुंबी घरी निघाली तेव्हा राजाने तिला विचारले होते, "आता तरी तुम्ही माझ्याबरोबर राहाल ना?"

"ते मी कोन ठरवनार? सगळी बसतील नि ठरवतील. घाई करू नगंस. येगळं झालो तर शेजारी होऊ. शेजाऱ्याला बी आंबील देत्यात."

पुढे सालवट राजाबरोबर राहिले की वेगळे झाले, हे जुने लोक दोन तऱ्हांनी सांगतात. त्या डोंगरात त्यानंतर एकही माणूस नाहीसा झाला नाही, एवढे मात्र दोन्हीकडे सारखेच आहे.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सेनापती म्हणजे देवदत्त. दुसऱ्याचे दोष मोजणारा वज्रबाहू म्हणजे आपला बोलघेवडा उदायी. राजा धृतिसेन म्हणजे आनंद, त्याला आजही माझी काळजी सुटत नाही. कुसुंबी म्हणजे मला दूध पाजून वाढवणारी महाप्रजापती गौतमी. आणि सुबंधू म्हणजे मीच. शत्रूचे पाप उघड करायला फारसे बळ लागत नाही. ज्याच्यावर आपली माया आहे त्याचे पाप, त्याच्यावरची माया न सोडता उघड करणे, ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."