हाकारीण आणि राणीच्या मशाली

एका गावात एक बाई होती. तिच्या परवानगीशिवाय गावात एकाही घरी दिवा लागत नसे.

ती पाटलीण नव्हती की सावकारीण नव्हती. गावामागच्या डोंगरात एक गुहा होती, तिच्यात लाखो वटवाघळं राहत आणि रोज सूर्य बुडाला की सगळी एकदम बाहेर पडत. शेवटचं वटवाघूळ गेलं की ही बाई टेकाडावर उभी राहून ओरडे, "गेली होऽऽ! दिवे लावा!" मग खाली दिवे लागत, चुली पेटत. हा मान तिच्या घरात पणजीपासून चालत आलेला. गाव तिला हाकारीणच म्हणे.

वटवाघळांचं निघणं बघायला लांबलांबून माणसं येत. धुराचा लोट निघावा तशी ती गुहेतून वर चढत, आभाळात एक मोठं वळण घेत आणि शेतांकडे पांगत. रात्रभर पिकांवरचे किडे खात, म्हणून गावाची कणगी कधी रिकामी राहत नसे. हाकारीण पाहुण्यांना खडकांवर बसवी, गप्प राहायला सांगे. बघून झालं की पाहुणे तिलाच शाबासकी देत, जणू काही त्या लाखो पंखांना शिवण हिनेच घातली होती.

आता शाबासकी कुणाला कडू लागते? हाकारीण हळूहळू 'माझी वाघळं, माझी वाघळं' म्हणू लागली. गाव अंधारात थांबतं ते आपल्या हाकेला मान देऊन, असं तिला मनापासून वाटू लागलं. ही रीत मुळात का पडली हे तिने कुणाला कधी विचारलं नव्हतं.

एकदा, उन्हाळा सरत आला असताना, त्या मुलखाच्या राणीला हा देखावा बघायची इच्छा झाली. आधी तिचा कारभारी जागा बघायला आला.

"बाई, नक्की येतील ना? राणीसाहेबांचा हेलपाटा व्हायला नको."

"सूर्य चुकेल, कारभारी, पण माझी वाघळं चुकायची नाहीत," हाकारीण ऐटीत म्हणाली.

"ठीक. आणि राणीसाहेब अंधारात बसत नाहीत. गुहेसमोर वीस मशाली लागतील."

हाकारीण क्षणभर अडखळली. पण राणी काय रोज रोज येते? आणि दिव्यांची परवानगी देणारी आपणच ना! "लावा की," ती म्हणाली, "माझं काही म्हणणं नाही."

ठरल्या दिवशी राणी आली. गालिचा अंथरला, मशाली पेटल्या, सगळं टेकाड उजळून निघालं. सूर्य बुडाला. सगळ्यांनी माना वर केल्या.

गुहेतून काहीच आलं नाही.

दोन-चार वटवाघळं तोंडाशी आली, गर्रकन वळली आणि आत गेली. खाली गाव अंधारात बसलं होतं, भुकेली पोरं रडायला लागली होती. वर लोकांची कुजबुज सुरू झाली.

कारभारी तरातरा तिच्याजवळ आला. "आता काय सांगू राणीसाहेबांना? ऐक. हे घे मडकं. निखारे भर, वर मूठभर सुक्या मिरच्या टाक आणि ठेव गुहेच्या तोंडाशी. कशी निघत नाहीत बघू!"

"अहो, पण तान्ह्या पिल्लांचे दिवस आहेत. धूर झाला की आया बिथरतील, पोटाशी धरलेली पिल्लं खाली पडून मरतील."

"मग तू खोटी ठरशील. चार पिढ्यांचा मान आज इथे संपेल. बघ, काय पटतंय ते."

हाकारिणीने राणीकडे पाहिलं, गावकऱ्यांकडे पाहिलं. मान खाली घातली आणि मडकं उचललं. पिल्लं म्हणजे काय, मुठीएवढा जीव, असं ती स्वतःला समजावत चढू लागली. समजूत काही पटत नव्हती, पाय मात्र चालत होते.

ती गुहेच्या तोंडाशी पोहोचली. मिरच्यांचा पहिला ठसका तिलाच लागला. डोळे पुसून तिने आत पाहिलं आणि तिथेच थबकली.

तिला आतलं सगळं दिसत होतं. भिंती दिसत होत्या, लटकलेल्या आया दिसत होत्या, त्यांच्या पोटाला चिकटलेली उघडी, गुलाबी पिल्लं दिसत होती. इतक्या वर्षांत या वेळी गुहेत तिला काळोखाशिवाय काही दिसलं नव्हतं. मागून मशालींचा उजेड थेट आत शिरत होता, आणि समोरच्या भिंतीवर तिची स्वतःची लांबलचक सावली पडली होती. तेवढ्या सावलीत मात्र वटवाघळांची हालचाल चालली होती. एक वटवाघूळ त्या काळ्या पट्ट्यातून सुटलं आणि तिच्या कानाजवळून बाहेर गेलं. मागोमाग दुसरं.

'अगं बाई,' ती स्वतःशीच म्हणाली, 'गाव दिवे लावत नाही ते माझ्यासाठी नव्हे. यांच्यासाठी!'

तिने मडकं उतारावर दूर नेलं, निखाऱ्यांवर ओंजळीओंजळीने माती लोटली आणि धावतच खाली आली.

"राणीसाहेब, वाघळं बाहेर पडायला कधीची तयार आहेत. त्यांच्या दारात आपण उजेड करून बसलोय. मशालींना हो मी म्हटलं. चूक माझी आहे. तेवढ्या विझवा."

"राणीसाहेबांना अंधारात बसवतेस?" कारभारी खेकसला. "जीभ फार चालायला लागली तुझी!"

राणी उठून उभी राहिली. "कारभारी, मी इथे बघायला आलेय की दिसायला? विझवा."

एकेक मशाल मातीत खुपसली गेली. पश्चिमेला राखाडी उजेडाची एक पट्टी तेवढी उरली. सगळ्यांनी पुन्हा माना वर केल्या. तरीही काही आलं नाही. आपण मिरच्या गुहेच्या तोंडापर्यंत नेल्या होत्या, धूर आत गेला असेल तर? हाकारिणीचा जीव टांगणीला लागला. 'देवा, माझा मान जाऊ दे. यांना सुखरूप बाहेर येऊ दे.'

तेवढ्यात तिच्या गालाला वारा लागला. मग सुपात धान्य पाखडावं तसा आवाज, आधी हळू, मग सगळ्या डोंगरभर. राखाडी पट्टीवरून काळा लोट सरकू लागला. सरकतच राहिला, संपेचना.

हाकारीण मटकन खाली बसली आणि हसता हसता रडली. इतका मोकळा श्वास तिने कित्येक वर्षांत घेतला नव्हता. शेवटी कशीबशी उठून तिने हाक दिली, तीही फाटक्या आवाजात.

"इतकं अंधुक दिसलं," राणी हळूच म्हणाली, "आणि तरी मन भरलं. माग, काय हवं ते."

"एकच, राणीसाहेब. उतरताना मशाली लावू नका. आया पिल्लांना पाजायला रात्रीतून परत येतात."

"मग मला वाट कशी दिसणार?"

"मी हात धरते ना."

आणि मुलखाची राणी हाकारिणीचा हात धरून, ठेचकाळत, हसत, काळोखातून डोंगर उतरली. कारभारी तेवढा दोनदा करवंदीच्या जाळीत पडला.

तात्पर्य काय, तर कुणाच्या घरात धुरी घालायच्या आधी आपण त्याच्या दारात कोणती मशाल लावून बसलोय ते बघावं.