कुलपाआड थांबलेला प्रश्न

एकदा एक संगणक मुका झाला आणि त्याच्याबरोबर त्याचे मालकही मुके झाले. ही अतिशयोक्ती नव्हे. हर्डीकर मास्तरांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेत गेला होता. बोटांत पेनही धरवत नसे. तेव्हापासून ते कळफलकावर अक्षरे टंकीत आणि संगणक ती मोठ्याने वाचून दाखवी. जन्मभर वर्ग गाजवलेल्या माणसाचे सारे बोलणे त्या एका यंत्रावर येऊन ठेपले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीचे, ज्ञानदाचे लग्न होते. मास्तरांनी तिच्यासाठी मंगलाष्टक रचले होते आणि ते भर मांडवात यंत्राकडून म्हणवून घ्यायचे होते. यंत्र पूर्वी तिला ‘ग्यानदा’ म्हणे. मास्तरांचे पित्त खवळे. असला उच्चार त्यांनी उभ्या आयुष्यात एकाही विद्यार्थ्याला करू दिला नव्हता, तो यंत्राला करू देतील होय? महिनोन्महिने खपून, त्याच्या उच्चारांच्या फाइलमध्ये बदल करकरून त्यांनी त्याला एकेक शब्द मराठीत बोलायला लावला होता. आता ते ‘ज्ञानदा’ असे म्हणे की पुन्हा ऐकावेसे वाटे. आणि नेमके लग्नाच्या आदल्या सकाळी ते तोंड मिटून बसले.

घरच्यांनी सुमंतला बोलावले. सुमंत हा एका वृद्ध गुरूंचा शिष्य. त्या गुरूंची हयात संगणकांची दुखणी काढण्यात गेली होती. शिष्य बुद्धीने तल्लख, हाताने चपळ. फक्त घाई पाचवीला पुजलेली.

तो खुर्चीत बसतो न बसतो तोच मास्तरांनी पडद्याकडे बोट नेले.

“आजोबा, हात नका लावू हं,” सुमंतने ते बोट अलगद बाजूला केले. “मी आहे ना. बघतो सगळं.”

अशा संगणकांत पॅकेज मॅनेजर नावाचा एक कारभारी असतो. नवे प्रोग्राम आणणे, जुने काढून त्यांच्या जागी ताजे बसवणे, हे त्याचे काम. हा कारभारी मोठा कडक. एका वेळी एकच काम हाती घेतो आणि ते पुरे होईपर्यंत आतून कुलूप लावतो. सुमंतने बोलण्याचा प्रोग्राम पुन्हा बसवायला घेतला, तर उत्तर आले : दुसरे काम चालू आहे, कुलूप लागले आहे. तो थांबला. पुन्हा विचारले. तेच उत्तर. आतले काम पाहिले, तर ते ढिम्म हलत नव्हते.

मास्तरांचे बोट पुन्हा पुढे आले. सुमंतने ते पुन्हा बाजूला केले. मास्तर मग खिडकीपाशी जाऊन बसले. आतल्या खोलीत बायका नातीच्या हातावर मेंदी काढत होत्या, हसत होत्या. मास्तरांच्या डोळ्यांत मात्र पाणी उभे राहिले होते.

सुमंतने ते पाहिले. त्याने गुरूंना फोन लावला. “गुरुजी, आतलं काम मेलेलं दिसतंय. कुलूप तोडतो, सगळं पुसतो आणि नव्याने बसवतो. चालेल ना?”

“मी येईपर्यंत कशालाही हात लावू नकोस,” पलीकडून उत्तर आले.

वृद्ध गुरू काठी टेकत आले. खुर्चीत बसले, पडद्यावरचे एक वाक्य वाचले आणि पडद्याचे बटण दाबून तो चक्क बंद केला.

“अहो गुरुजी!” सुमंत ओरडलाच. “आधीच वेळ नाही, आणि तुम्ही पडदाच बंद करता?”

“संगणक चालू आहे. तुझी नजर तिथून निघावी म्हणून पडदा बंद केला.” गुरूंनी खुर्ची खिडकीकडे वळवली. “मास्तर, सकाळी हे नवं बसवायचं काम तुम्हीच सुरू केलं होतं का?”

मास्तर ताडकन उठून उभे राहिले. होय, होय, अशी मान हलवली.

“मध्येच त्याने काही विचारलं?”

पुन्हा होय.

“काय उत्तर द्यावं ते उमगलं नाही, आणि चुकीचं उत्तर जायला नको म्हणून तुम्ही पडद्यावरची ती चौकट खाली सारून ठेवली. असंच ना?”

मास्तरांनी दोन्ही हात जोडले. गुरूंनी पडदा पुन्हा लावला. मास्तरांचे बोट तिसऱ्यांदा पुढे आले आणि या वेळी ते कोणी अडवले नाही. पडद्याच्या तळाशी, पट्टीच्या कोपऱ्यात, एक लहानसे चिन्ह होते. सुमंतने ते दाबले. एक चौकट वर आली. तिच्यात लिहिले होते : उच्चारांच्या फाइलमध्ये कोणीतरी स्वतः बदल केले आहेत. ती तशीच ठेवू, की नवी घेऊ?

सुमंतने ते दोनदा वाचले. “बाप रे! मी पुसून बसवलं असतं तर...”

“तर यंत्र बोललं असतं रे, पण उद्या मांडवात पुन्हा ‘ग्यानदा’ म्हणालं असतं,” गुरू म्हणाले. “अरे, कुलूप आतून लागलंय, म्हणजे आत कोणीतरी आहे, एवढं तरी ध्यानात घ्यायचं. अडलेला वेगळा आणि थांबलेला वेगळा. अडलेल्याला धक्का द्यावा लागतो. थांबलेल्याला उत्तर लागतं. कोणाची तरी मेहनत न विचारता पुसायची नाही, म्हणून हे बिचारं सकाळपासून थांबलं होतं. आणि त्याचा प्रश्न ज्यांना ठाऊक होता, ते तुझ्या शेजारीच उभे होते.”

गुरू खुर्चीवरून उठले. सुमंतने मास्तरांना तिथे बसवले. मास्तरांनी स्वतःच्या हाताने ‘जुनी ठेव’ असे उत्तर दिले. ढिम्म बसलेले काम भराभर पुढे सरकले आणि कुलूप आपोआप निघाले. मास्तरांनी एकच शब्द टंकला.

“ज्ञानदा!”

आतल्या खोलीतून मेंदीचे हात सावरत नात धावत आली. “काय आजोबा? हाक मारलीत?”

मास्तर हसत होते आणि डोळे पुसत होते. मग त्यांनी सुमंतकडे पाहिले आणि सावकाश टंकू लागले. एकेक अक्षर उमटायला वेळ लागत होता. पुढचा शब्द सुमंतला दिसत होता, तरी तो मध्ये बोलला नाही. हात मांडीवर ठेवून शेजारी बसून राहिला. अखेर यंत्र म्हणाले, “बाळा, मघापासून हेच सांगत होतो.”

“हो आजोबा,” सुमंत म्हणाला. “मी विचारलंच नाही.”

आपल्याही घरात कोणी बराच वेळ गप्प बसले असेल, तर ते अडून बसले आहे असे ठरवण्याआधी एकदा जवळ जाऊन विचारावे.