आत्याच्या तोंडावरचे वण

फार मागे, ज्या राजांची नावेही आता उरली नाहीत अशा काळी, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. त्या गावात एक वाईट रीत होती. ज्याच्या तोंडावर देवीचे वण, त्याने नवरदेवाला हळद लावायची नाही.

पाटलाची बहीण लहानपणी देवीतून वाचली होती. वणांमुळे तिचे लग्न झाले नाही. भावाच्या घरी ती राबत असे. भाच्याची हळद होती, तेव्हा ती वाटी घेऊन पुढे आली.

पाटलीण म्हणाली, "वन्सं, तुम्ही मागंच थांबा. शुभकार्यात असलं तोंड नको."

एक बाई पदराआड हसली. "हिच्यापुढं चाळणी बरी!"

आत्याने वाटी खाली ठेवली.

त्याच रात्री नवरदेवाला ताप भरला. मग अंगभर फोड उठले. देवी! वऱ्हाड पळाले, गडीमाणसे पळाली. पदराआड हसणारी सर्वांच्या आधी पळाली. पुढे पाटलीणही अंथरुणाला खिळली. पाटील उंबऱ्यापर्यंत येई आणि तिथेच थबके.

आत्या पाण्याचा तांब्या घेऊन आत शिरली.

"वन्सं, बाहेर व्हा. तुम्हालाही लागेल."

"नाही लागायची, वहिनी. मला येऊन गेलीय. तेव्हा माझ्या रक्ताला ती नवीन होती, म्हणून झुंज जड गेली. आता रक्त तिला ओळखतं. शिरल्या शिरल्या हाकलून देतं."

"आणि माझं पोर?"

"त्याचं रक्त आत्ता शिकतंय. अंग तापलंय ते त्या लढाईनंच. आपण पाणी पाजायचं, फोड जपायचे. लढायचं त्याचं त्यानंच."

आत्या दोघांच्या उशाशी बसून राहिली. मुलगा वाचला. पाटलीण वाचली, पण तिचा एक डोळा गेला. दोघांची तोंडे वणांनी भरली.

पुन्हा हळद ठरली. पाटलीण आपणहून मागे भिंतीशी उभी राहिली. रीत तिनेच पाळायला लावली होती. तिला कोणी पुढे बोलावले नाही.

आत्या वाटी घेऊन तिच्याकडे गेली. तिचा हात धरून हळदीत बुडवला.

"चला वहिनी. पोरगं थांबलंय."

नवरदेवाच्या वण असलेल्या गालांवर त्या दोघींनी हळद लावली. ती रीत त्या दिवशी मोडली.

बोध एवढाच: शरीर आपली लढाई विसरत नाही, म्हणून त्या लढाईच्या खुणांना माणसाने हसू नये.