अनसूयेच्या हिरव्या बांगड्या

एकदा एका चित्रशाळेत वृद्ध गुरू आणि तिची शिष्या यांचा वाद सकाळपासून चालला होता, आणि ऊन चढले तरी कुणी मागे हटत नव्हते. कारण होते खिडकीत उभे केलेले नवे तावदान.

वृद्धेचे काम असे: हाताने केलेल्या पातळ कागदाचे थरावर थर, आणि त्यांत फुटक्या बांगड्यांचे तुकडे. मागून ऊन आले की कागद दुधासारखा उजळे आणि काच पेटे. गावातल्या बायका फुटलेल्या बांगड्या तिला आणून देत. हे तावदान एका व्यापाऱ्याने आपल्या प्रसूतिगृहासाठी सांगितले होते. अट एकच, विधवेच्या बांगडीचा तुकडा त्यात नको. आणि वृद्धेने ऐन मधोमध लावल्या होत्या गावातल्याच अनसूयेच्या हिरव्या बांगड्या, महिन्यापूर्वी नवरा गेला तेव्हा फोडलेल्या.

गोंद ओला होता, तुकडे अजून काढता आले असते, आणि शिष्येच्या हातात चिमटा. व्यापारी तासाभरात येणार होता. मधले तुकडे सोडता सारे तावदान शिष्येने केले होते; त्याने ते नाकारले, तर तिच्या हातचे हे पहिले काम कुणी पाहणारच नव्हते. वृद्धा म्हणाली, कुठला तुकडा कुणाचा हे त्याने ओळखून दाखवावे, मी पैज लावते.

"पैज तुमची, बाई," शिष्या म्हणाली, "आणि काम जाणार माझं."

इतक्यात अनसूया दारात आली. तिला वृद्धेनेच बोलावले होते. शुभकार्याच्या वस्तूजवळ जायचे नाही, हे महिन्याभरात तिच्या अंगवळणी पडले होते. ती बिचकतच आत आली. तावदानातून उतरलेला हिरवा प्रकाश तिच्या मोकळ्या मनगटांवर पडला. तिने दोन्ही हात पुढे धरले, फिरवून फिरवून पाहिले, आणि तसेच उन्हात धरून म्हणाली, "बाई, हात भरल्यासारखे वाटले. फार उपकार झाले."

शिष्येने मान खाली घातली, पण चिमटा सोडला नाही. व्यापाऱ्याला काय सांगायचे, असे तिने हळूच विचारले.

"खरं ते मी सांगेन. नेऊ दे, नाहीतर राहू दे," वृद्धा म्हणाली. "उपकार हिचे आहेत, माझे नव्हेत. मला कुठल्या शाळेनं शिकवलं नाही. या बायकांनी पदरातून फुटकं आणून दिलं, त्यावर माझा हात बसला. तुझं काम जाईल हेही मला दिसतंय, म्हणून जबरदस्ती करत नाही."

आणि वाद संपला, चिमटा खाली गेला, तो तिच्या पुढच्या वाक्याने: "एकदा या बांगड्या तिच्या हातांतून लोकांनी फोडून काढल्या, आता ती समोर उभी आहे, दुसऱ्यांदा तू काढ."